कडीला कडी टेकते तिथे बघा

फेब्रुवारी संपत आला की कारखान्यांत रंगाच्या डब्यांचा खप वाढतो. 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन, त्याला लागून सुरक्षा सप्ताह. मग रेलिंग पिवळं होतं, वाळूच्या बादल्या लाल होतात आणि रंग उरलाच तर क्रेनखालच्या चेन स्लिंगवरूनही, म्हणजे माल उचलायच्या साखळ्यांवरूनही, एक हात फिरतो. अशीच एक लालभडक चेन मी एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये पाहिली. दोन लेगची, म्हणजे एकाच मोठ्या कडीतून लोंबणाऱ्या दोन साखळ्यांची, कडीची जाडी 10 मिलिमीटर, स्टँडला व्यवस्थित टांगलेली. शेजारचा सुपरवायझर म्हणाला, "ही राहू दे साहेब, कालच नवी केलीय."

चेन खाली घेतली, ताण काढून जमिनीवर सैल सोडली आणि मधल्या दोन कड्या एकमेकींपासून सरकवल्या. बाहेरून लाल असलेल्या कडीला आतल्या वळणावर, जिथे शेजारची कडी येऊन बसते तिथे, रंग पोचलाच नव्हता. तिथे आरशासारखी चकचकीत खोबण होती. व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, लावला तर 8.1 मिलिमीटर. त्याच जागी काटकोनात फिरवून मोजलं तर 9.6. सुपरवायझरनं स्वतःच्या हातानं पुन्हा मोजलं, वाकून बघितलं, आणि म्हणाला, "वरून तर काहीच दिसत नव्हतं."

दिसणारच नाही. टांगलेल्या किंवा ताणात असलेल्या साखळीची झीज झाकलेली असते, कारण ती होते त्याच जागी दुसरी कडी बसलेली असते. क्रेनच्या हुकाला लटकणाऱ्या चेनकडे खालून मान वर करून कितीही वेळ बघा, तुम्हाला दिसतात त्या कड्यांच्या बाजू, आणि बाजू सहसा झिजत नाहीत. वर्षानुवर्षं "चेन चेक केली" म्हणून रजिस्टरमध्ये सही करणारे अनेक जण खरं तर साखळीचा न झिजणारा भाग बघून सही करत असतात. त्यांचा आळस असतो असं नाही. कुठे बघायचं हे कुणी सांगितलेलंच नसतं.

मग ते 8.1 आणि 9.6 चांगले की वाईट? उचलण्याच्या चेनसाठी सर्वसाधारण नियम असा: कडी जिथे सगळ्यात जास्त झिजली आहे तिथे एकमेकांना काटकोनात दोन व्यास मोजायचे आणि त्यांची सरासरी काढायची. ती सरासरी मूळ मापाच्या 90 टक्क्यांखाली गेली की चेन बाद. 10 मिलिमीटरच्या चेनला हद्द 9. आमच्या लाल चेनची सरासरी आली 8.85. रंग नवा, चेन बाद.

दहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण भार पेलतो तो कडीचा छेद, आणि छेदाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गात बदलतं. व्यास 10 टक्क्यांनी घटला की क्षेत्रफळ 19 टक्क्यांनी घटतं. म्हणजे 9 मिलिमीटरवर आलेल्या कडीतलं जवळपास पाचव्या हिश्श्याचं पोलाद त्या जागी उरलेलं नसतं.

आधी टॅग

माप घेण्याआधी एक साधा प्रश्न विचारायचा: ही चेन कोण आहे? वरच्या मोठ्या कडीला, म्हणजे मास्टर लिंकला, धातूचा टॅग असायला हवा. त्यावर साखळीचं माप, ग्रेड, किती लेग, किती कोनाला किती टन, बनवणाऱ्याचं नाव आणि ओळख क्रमांक असतो. टॅग तुटून पडला असेल तर बाकीची चेन कितीही ठणठणीत असो, टॅग परत लागेपर्यंत ती वापरातून बाहेर. कुणाला हे फार कडक वाटतं. पण टॅग नसलेल्या चेनवर तुम्ही किती टन टांगणार? अंदाजे? शॉपफ्लोअरवर अंदाज नेहमी मोठ्या आकड्याकडे झुकतो.

ग्रेड म्हणजे काय, हे एकदा समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. उचलण्यासाठी साधारणतः ग्रेड 80 किंवा ग्रेड 100 ची मिश्र पोलादाची चेन वापरतात. ठरावीक अंतरावर कडीवरच 8 किंवा 10 असा ठसा असतो. ग्रेड 80 म्हणजे चेन तुटायच्या वेळी छेदाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर निदान 800 न्यूटन ताण पेलून गेलेली असते. 10 मिलिमीटरच्या कडीला दोन भुजा. प्रत्येकीचा छेद 78.5 चौरस मिलिमीटर, दोन्ही मिळून 157. गुणिले 800 केलं की येतात सव्वा लाख न्यूटनहून थोडे जास्त, म्हणजे सुमारे 12.8 टन. त्याचा चौथा हिस्सा 3.2. आणि तक्त्यात 10 मिलिमीटर ग्रेड 80 च्या एका लेगला लिहिलेलं असतं 3.15 टन. म्हणजे तो आकडा आकाशातून पडलेला नाही, तुम्ही कागदावर काढू शकता.

इथे हमखास एक हुशार प्रश्न येतो: "चारपट ताकद आहे ना, मग 5 टन उचलले तर काय बिघडतं?" बिघडतं. ती चारपट तुमच्यासाठी ठेवलेली नाही. क्रेननं झटका दिला, लेग अंदाजापेक्षा जास्त फाकले, कडी आतून झिजलेली निघाली, वजन सांगितल्यापेक्षा जास्त भरलं, या सगळ्यांसाठी ती राखून ठेवलेली आहे. तुम्ही ती आधीच खर्च केलीत तर झटक्याच्या वेळी खिसा रिकामा.

हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारी साधी लोखंडी चेन, ट्रकवर माल बांधायची चेन, गेटला कुलूप लावायची चेन, या उचलण्यासाठी नाहीत. जाडी सारखी दिसते म्हणून ताकद सारखी नसते. ठसा नसेल तर ती चेन उचलायची नाही.

झिजली की ताणली?

साखळी लांब होण्याची दोन कारणं असतात आणि दोन्हींचा अर्थ वेगळा. एक झीज, दुसरं ताण. पट्टीवर दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून फरक करायची युक्ती कळली पाहिजे.

10 मिलिमीटरच्या नव्या कडीची आतली लांबी, म्हणजे पिच, साधारण 30 मिलिमीटर असते. दोन्ही टोकांची जाडी धरून बाहेरची लांबी 50. आता कडी नुसती झिजली असेल तर आतलं पोलाद गेलं. आतली लांबी वाढणार, पण बाहेरची 50 ची 50 च राहणार. उलट, कडी जादा वजनानं ताणली गेली असेल तर आतली वाढते, बाहेरचीही वाढते आणि कडीच्या दोन भुजा एकमेकींकडे ओढल्या जाऊन कमरेत बारीक होतात. अशा कड्या एकमेकींत अडकू लागतात, चेन हातात घेतली तर पाण्यासारखी सुळकन खाली येत नाही, मध्येच ताठ उभी राहते. अनुभवी रिगर, म्हणजे क्रेनला माल अडकवणारा माणूस, चेन नुसती हातावरून सोडतो आणि सांगतो, "इथे काहीतरी आहे." तो जे ओळखतो ते हेच.

बऱ्याच उत्पादकांच्या पुस्तिकांत एका कडीच्या आतल्या पिचमध्ये 5 टक्के वाढ ही हद्द दिलेली असते. म्हणजे 30 चे साडेएकतीस. नव्या चेनमध्येही माप तंतोतंत नसतं, थोडी सूट धरलेली असते. म्हणून चेन आली त्या दिवशीच चार-पाच ठिकाणी मोजून रजिस्टरला लिहून ठेवलं तर पुढच्या वर्षी वाद राहत नाही. मात्र बाहेरची लांबी वाढलेली स्पष्ट दिसत असेल तर मी टक्के मोजत बसत नाही. पोलाद एकदा कायमचं ताणलं याचा अर्थ त्या चेननं पेलू नये तेवढं वजन पेललं, आणि पुढच्या वेळी काय करेल याची हमी मला देता येत नाही.

आता टेपची गंमत. दोन मीटरच्या लेगमध्ये 30 च्या पिचनं साधारण 66 कड्या बसतात. त्यातली एक कडी 3 मिलिमीटरनं ताणली, म्हणजे त्या एका कडीपुरती 10 टक्के, सरळ सरळ बाद. पण अख्ख्या लेगची लांबी होते 2003 मिलिमीटर. टेपवर हे तीन मिलिमीटर टेप किती ओढून धरला यात विरून जातात. वाढ हजारात दोन भागही नाही. म्हणून पूर्ण लेग मोजून "ठीक आहे" म्हणणं ही स्वतःची समजूत काढणं झालं. दोन्ही लेग शेजारी शेजारी लटकवून बघा, तो पहिला ढोबळ अंदाज. मग पाच-पाच कड्यांचे तुकडे मोजा, आणि शंका आली तिथे एकेक कडी.

ही दोन मापं भांडणंही मिटवतात. एक अख्खा लेग दुसऱ्यापेक्षा लांब निघाला, सगळ्या कड्या थोड्या थोड्या वाढलेल्या, तर भार एकाच लेगवर जास्त पडत होता. कारण एका लेगमधल्या सगळ्या कड्यांवर ओढ सारखीच असते, ताणल्या तर सगळ्या ताणतात. पण लेग तेवढाच आणि मधलीच एक कडी लांबलेली, तर कारण त्या जागीच शोधायचं: तिथे चेन धारदार कोपऱ्यावर वळली होती, तिथे गॅसची ज्योत लागली होती, किंवा तिथे गाठ पडली होती.

जादा भार म्हणजे कुणीतरी मुद्दाम जड माल उचलला असंच नसतं. बऱ्याचदा माल तोच असतो, कोन बदललेला असतो. 4 टनांची एक प्लेट दोन लेगनं उचलायची आहे. लेग उभ्या रेषेपासून 30 अंशांत असतील तर प्रत्येकावर 2.3 टन ओढ. 45 अंशांना 2.8. 60 अंशांना पूर्ण 4 टन, म्हणजे दोन लेग असूनही प्रत्येकावर अख्ख्या मालाएवढी ओढ. आणि हेडरूम, म्हणजे हुकाखालची उंची, कमी म्हणून लेग आणखी फाकवून 75 अंशांपर्यंत नेले तर प्रत्येकी 7.7 टन! आपल्या 3.15 टनांच्या लेगवर. म्हणूनच 10 मिलिमीटर ग्रेड 80 च्या दोन लेगच्या टॅगवर 45 अंशांपर्यंत 4.25 टन आणि 45 ते 60 मध्ये 3.15 टन असं लिहिलेलं असतं, आणि 60 च्या पुढे काहीच लिहिलेलं नसतं. तिथे जायचंच नाही.

जी चेन न सांगता तुटते

ताणणारी चेन त्यातल्या त्यात सज्जन. ग्रेड 80 ची चांगली चेन चाचणीत तुटण्याआधी निदान 20 टक्के लांबते, अशी प्रमाणकाची अट आहे. म्हणजे मोडायच्या आधी ती ओरडते: कड्या बारीक होतात, अडकतात, लेग लोंबतो. बघणाऱ्याला वेळ मिळतो. खरी भीती आहे ती न ताणता तुटणाऱ्या चेनची. तिची तीन घराणी आहेत: चीर, उष्णता आणि आम्ल.

चिरेपासून सुरू करू. प्लेटच्या कडेवर घासून, ग्राइंडर निसटून, किंवा चेनवर काहीतरी पडून कडीला ओरखडा पडतो. ओरखडा कडीच्या लांबीच्या दिशेनं असेल तर त्रास कमी. आडवा असेल, म्हणजे ओढीला काटकोनात, तर तो तड्याची सुरुवात करून देणारा. आडव्या ओरखड्याच्या टोकाशी ताण एकवटतो आणि प्रत्येक उचलीबरोबर तडा थोडा थोडा आत सरकतो. ओरखडा डोळ्यांना नाही सापडला तरी हाताला सापडतो. यासाठी सगळ्यात स्वस्त उपकरण म्हणजे कॉटन वेस्ट, पुसायच्या सुती धाग्यांचा गुंता. मूठभर कॉटन वेस्ट घ्या आणि सैल चेनवरून हळूहळू ओढत न्या. जिथे चीर, बूर (धातूची वर आलेली धारदार कड) किंवा खाच असेल तिथे धागा अडकतो. धागा अडकला की थांबा, ती जागा वायर ब्रशनं घासा, बॅटरीचा प्रकाश तिरपा टाकून बघा. तिरपा प्रकाश महत्त्वाचा. समोरून टाकलेल्या उजेडात चीर सपाट होऊन जाते.

उथळ ओरखडा कानशीनं, कडीच्या लांबीच्या दिशेनंच, हलकेच गुळगुळीत करता येतो. अट एकच: घासल्यावर उरलेलं माप त्या 90 टक्क्यांच्या वर असलं पाहिजे. खोल चीर घासत बसू नका. वेल्डिंगचं तर नावच नको. वेल्डिंगचा मणी भरून खाच बुजवली की वरून कडी सुंदर दिसते आणि आजूबाजूचं पोलाद खराब झालेलं असतं. चेनवर वेल्डिंग रॉडचा चटका लागल्याची नुसती खूण दिसली तरी मी ती कडी बाद धरतो. शंका असेल तर डीपी टेस्ट करून घ्या: लाल द्रव लावायचा, पुसायचा, वर पांढरी पावडर मारायची. तडा असेल तर त्यात शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर रेघ ओढून बाहेर येतो. मात्र आधी चेनवरचा रंग पूर्ण काढावा लागतो, कारण रंगानं चीर आधीच बुजलेली असते. सुरक्षा सप्ताहाचा लाल रंग इथे खरा शत्रू होतो.

आता उष्णता. कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम केलेल्याला हे पटवून द्यावं लागत नाही, पण बाकीच्यांसाठी. ग्रेड 80 ची चेन कडक करून मग पुन्हा तापवून, म्हणजे टेम्पर करून, घडवलेली असते. तिच्या टॅगवरचा भार 200 अंश सेल्सिअसपर्यंत पूर्ण चालतो. 200 ते 300 मध्ये तो 90 टक्के धरायचा, 300 ते 400 मध्ये 75 टक्के. 400 च्या वर चेन गेली की वापर बंद, कारण तिला ताकद देणारं टेम्परिंगच उतरायला लागतं. ग्रेड 100 चे आकडे वेगळे, ते बनवणाऱ्याच्या तक्त्यातूनच घ्यायचे.

घोटाळा असा की गरम लोखंड आपल्याला तेव्हाच गरम वाटतं जेव्हा ते लाल दिसतं. लोखंड अंधारात जेमतेम लालसर दिसायला लागतं तेव्हाच त्याचं तापमान 500 च्या पुढे गेलेलं असतं. म्हणजे वाळू झाडून काढलेलं, काळं पडलेलं, "थंड झालंय की" म्हणून चेन गुंडाळलेलं कास्टिंग 450 अंशांवर आरामात असू शकतं. कड्यांवर निळसर झाक दिसली तर ती जागा कधीतरी 300 च्या आसपास तापून आलेली आहे असं समजा आणि विचारपूस करा. नुसतं "जुना डाग असेल" म्हणू नका.

याच्याशी जोडलेली एक जुनी सवय. पूर्वी रॉट आयर्नच्या, म्हणजे घडीव लोखंडाच्या, चेन असत, त्या वापरून वापरून ठिसूळ होत, म्हणून त्या ठरावीक मुदतीनं भट्टीत तापवून हळूहळू थंड करत. जुन्या फिटर मंडळींकडून हे ज्ञान पुढच्या पिढीकडे आलं, पण कोणत्या चेनसाठी हे मात्र वाटेत गळलं. आजच्या मिश्र पोलादाच्या चेनला असं "नरम" केलं तर तिची ताकदच जाते. बाबांनी सांगितलं म्हणून करू नका. बाबांची चेन वेगळी होती.

तिसरं आम्ल. याची भीती मला सगळ्यात जास्त वाटते, कारण ते काहीच खूण ठेवत नाही. गॅल्व्हनायझिंगच्या, म्हणजे जस्ताचा थर चढवण्याच्या, आधी माल आम्लाच्या टाकीत बुडवतात. त्या टाकीत किंवा तिच्या वाफेत नेहमीची ग्रेड 80 ची चेन वापरली तर आम्लाच्या क्रियेत सुटलेला हायड्रोजन पोलादात शिरतो आणि कडक पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं. माप बरोबर, पिच बरोबर, तडा नाही, आणि एके दिवशी टॅगवरच्या भाराच्या आतच फटकन तुटते. म्हणूनच गंज काढायला चेन आम्लात बुडवायची नाही, आणि "गंजू नये म्हणून" बाहेरून गॅल्व्हनाइझ करून आणायची तर नाहीच. साफ करायला डिझेल किंवा केरोसीन आणि वायर ब्रश पुरतो, नंतर हलकं तेल.

गाठ, बोल्ट आणि चेन ब्लॉक

काही गोष्टींना मापच लागत नाही. चेनला गाठ मारून लांबी कमी केलेली दिसली, बाद. तुटलेली चेन नट-बोल्ट टाकून जोडलेली दिसली, बाद. त्या बोल्टवर 8.8 असा ताकदीचा ग्रेड लिहिलेला असेल आणि तो दाखवून कुणी अभिमानानं सांगेल, तरी बाद. बोल्ट आडव्या ओढीला कडीसारखा वागत नाही, वाकतो. लांबी कमी करायची असेल तर त्यासाठी शॉर्टनिंग क्लच मिळतो, जोडायचं असेल तर त्याच ग्रेडची कपलिंग लिंक मिळते. दोन्ही स्वस्त नाहीत, मान्य.

चेनला पीळ पडून भार उचलला तर कड्या एकमेकींवर कडेनं बसतात, सपाट बसायच्या ऐवजी. म्हणून उचलायच्या आधी पीळ काढणं हा तपासणीचाच भाग. चोक करून, म्हणजे मालाभोवती फास घालून उचलायचं असेल तर भार 80 टक्केच धरायचा. मालाचा कोपरा धारदार असेल तर मध्ये लाकडी पॅकिंग. पॅकिंग नसेल तर धारदार कडेवर भार निम्मा धरतात, पण निम्मा धरून उचलण्यापेक्षा लाकडाचा ठोकळा आणायला पाठवा.

आणि चेन ब्लॉक, हातानं साखळी ओढून माल वर चढवायचं यंत्र. गॅरेजपासून साखर कारखान्यापर्यंत सगळीकडे लटकलेला असतो. त्याची भार उचलणारी चेन ही स्लिंग नव्हे. ती आतल्या चाकाच्या खाचांत नेमकी बसावी म्हणून काटेकोर मापाची बनवलेली असते. ती इंजिनाभोवती गुंडाळून हुक तिच्याच कडीत अडकवायची पद्धत फार रुजलेली आहे, आणि त्यात पिच बिघडलं की चेन चाकावर उडी मारते. भार वर असताना "टक्" असा आवाज येतो तो हाच. तो आवाज आला की ब्लॉक खाली घ्यायचा आणि उघडायचा, तेल टाकून पुढे चालायचं नाही.

हुकाबद्दल थोडक्यात. हुकाचं तोंड उघडलंय का बघा: नवा असतानाच दोन बाजूंना पंचनं ठिपके मारून त्यांतलं अंतर लिहून ठेवलं तर पुढे अंदाज लागत नाही. उघडीप वाढण्याची हद्द बनवणाऱ्याच्या पुस्तिकेत असते, साधारण 5 ते 10 टक्क्यांच्या दरम्यान. हुक बाजूला पिळला असेल, तळाशी खोबण पडली असेल, सेफ्टी लॅच तुटला असेल किंवा तारेनं बांधून ठेवला असेल, तर दुरुस्त होईपर्यंत थांबा. हुक उघडलेला असणं म्हणजे जवळजवळ नेहमी कुणीतरी हुकाच्या टोकावर भार घेतला होता. चेन बदलून ती सवय बदलत नाही.

कोण बघणार?

1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 29 नं चेन, दोर आणि उचलण्याच्या साधनांसाठी निदान दर 12 महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून सखोल तपासणी आणि त्याची नोंदवही अशी अट घातली. 'सक्षम व्यक्ती' ही पदवी कुणी स्वतःला लावून घ्यायची नसते. महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडून तशी मान्यता घ्यावी लागते. त्या माणसाचं प्रमाणपत्र फाइलला लागलं की कित्येक ठिकाणी वर्षभराची काळजी मिटली असं समजतात. पण तो वर्षातून एकदा येतो. चेन वर्षातून हजारो वेळा उचलते. त्यानं सही केली त्याच दुपारी तिच्यावर प्लेट पडू शकते.

म्हणून खरी तपासणी हुक लावणाऱ्या माणसाच्या हातात असते. त्याला रोज व्हर्नियर घेऊन बसायला कुणी सांगत नाही. पाळी सुरू होताना चेन एकदा जमिनीवर सैल सोडायची, टॅग बघायचा, उघड्या हातानं कड्या सरकवत टोकापर्यंत जायचं, हुकाचा लॅच उघड-मीट करून बघायचा. जाड हातमोजे घालून बारीक चीर कळत नाही, पण बूर हाताला लागू शकते, म्हणून आधी कॉटन वेस्ट, मग बोटं. दोन मीटरच्या दोन लेगला चार-पाच मिनिटं लागतात. क्रेन ऑपरेटर वर केबिनमधून हॉर्न वाजवत असेल तर वाजवू द्या. जिथे चेन दिवसभर जड कामाला असते, गरम माल असतो किंवा बांधकामाची साइट आहे, तिथे महिन्या-तीन महिन्यांनी मोजमापाची तपासणीही लावलेली बरी.

शेवटी बाद चेनचं करायचं काय? "बाद" असा खडू मारून कोपऱ्यात ठेवलेली चेन दोन महिन्यांत परत येते. पाऊस येतो, खडू धुऊन जातो, रात्रपाळीला चेन कमी पडते, कुणीतरी कोपऱ्यातून उचलतो. भंगारवाल्याला अखंड दिली तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी क्रेनखाली जाते. म्हणून कापायची.

त्या लाल चेनचे दोन्ही लेग माझ्यासमोरच गॅस कटरनं तोडले. तुकडे भंगारात जायच्या आधी सुपरवायझरनं त्यातल्या दोन कड्या बाजूला काढल्या, केरोसीनमध्ये बुडवून रंग घासला, आणि स्टँडवर जिथे नवी चेन टांगणार होते तिथे तारेनं बांधून ठेवल्या, खोबण बाहेरच्या बाजूला दिसेल अशा. "हेल्परना दाखवायला," म्हणाला. मग मला विचारलं, शेडच्या दुसऱ्या भागातही तीन चेन आहेत, त्यांचाही रंग आजच काढू का?